समुद्र लांब नाही, मे महिना जवळ आहे

प्रश्न :

भुसावळजवळच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीबरोबर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांत आहेत. ड्यूटीवर गेले की कधी दीड, कधी दोन दिवसांनी घरी येतात. घरात बायको, चौथीतली मुलगी आणि वडील. दिवाळीत ठाण्याच्या नातेवाइकांकडे मुलीने खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. निळा उजेड, त्यात डोलणारे कोरल (प्रवाळ), मधून फिरणारे केशरी-पांढरे मासे. तेव्हापासून तिच्या वह्यांची मागची पानं माशांनीच भरली आहेत. त्यांनी तिला शब्द दिला, साठ हजार रुपये बाजूला ठेवले, आणि मुंबईच्या एका विक्रेत्याला ‘लाइव्ह रॉक आणि दोन कोरल’ यासाठी दोन हजार आगाऊही दिले. तो माल पार्सलने पाठवणार आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, म्हणून बायको वैतागली आहे : “प्यायले पानी नही, आन् मासोयांले फिल्टरचं पानी!” वडील म्हणतात, समुद्र समुद्राच्या जागी बरा.

त्यांचे प्रश्न असे : समुद्र इतका लांब असताना हे जमेल का? सुरतेहून समुद्राचं पाणी आणावं की खडेमिठावर भागेल? सुरुवातीला कोणते कोरल घ्यावेत? आणि बायको बरोबर की मी?

उत्तर :

भाऊ,

पहिला प्रश्न सगळ्यात सोपा, तो आधी निकालात काढते. समुद्र लांब असल्याने काहीही अडत नाही. मुंबईत खिडकीतून समुद्र दिसणारी माणसंसुद्धा टाकीसाठी तयार मीठ विकत आणतात, कारण किनाऱ्यालगतच्या पाण्यात काय काय येऊन पडतं ते त्यांना रोज दिसतं. सुरतेचं पाणी आणायचा विचार तर सोडूनच द्या. तुम्ही पुलावरून पाहता तीच तापी डुमस-हजिऱ्याकडे समुद्राला मिळते आणि वाटेतल्या सगळ्या गावांचं सांडपाणी सोबत नेते. ते गढूळ खाडीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलंत तर घरी पोचेपर्यंत त्याला वास सुटेल.

खडेमीठही नको. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, चारशेच्या आसपास कॅल्शियम, जवळपास तितकंच पोटॅशियम, आणि पाण्याचा सामू सांभाळणारे कार्बोनेटही. अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणाऱ्या मिठात हे सगळं मापात घातलेलं असतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतलीत तर तिच्यात १९० लिटर पाणी मावतं. पहिल्या भरणीला सात किलोच्या आसपास मीठ लागेल, पुढे आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायला पाऊण किलोच्या आत. समुद्र तुमच्याकडे कुरिअरने येतो म्हणा ना.

मग अडचण कुठे आहे? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तीन पानांत समुद्र अकरा वेळा आला आहे, मे महिना एकदाही नाही. आणि स्वतःच्या ड्यूटीबद्दल तुम्ही ओळख म्हणून लिहिलंत, अडचण म्हणून नाही. माझ्या मते तुमचे खरे प्रश्न हे दोनच आहेत.

आधी मे महिना. कोरलला २४ ते २७ अंशांचं पाणी लागतं. धट्टेकट्टे मासे २८-२९ पर्यंत सोसतात. आपल्याकडे मेच्या दुपारी बाहेर ४५, आणि तापलेल्या स्लॅबखालची खोली रात्री अकरालाही भट्टीसारखी. टाकीचं पाणी खोलीच्या मागोमाग जातं आणि वर पंपाची आणि दिव्याची ऊब चढते. कोरल हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरूसारखं राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून घरमालकाला पोसतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की कोरल त्या भाडेकरूला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. अख्ख्या समुद्रात हे होतं. १९९८ साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. तिथे तर पाणी एखाद-दोन अंशांनीच चढलं होतं. तुमच्या दिवाणखान्यात ते एका दुपारीत पाच अंश चढू शकतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत असताना, प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा, मीही हौसेने एक छोटी टाकी केली होती. साठ लिटरची, खाऱ्या पाण्याची, त्यात तीन मासे आणि एक कोळंबी. लहान टाकी सांभाळायला सोपी असा माझा समज होता, आणि विद्यार्थ्यांनाही मी तेच सांगत असे. मे महिन्यात चोपड्याला एका लग्नाला गेले. दुपारी एकला वीज गेली. संध्याकाळी सातला घरी आले तेव्हा पाणी ३३ अंशांवर होतं आणि खोलीत तो वास होता. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि पंप बंद म्हणजे हवा मिसळणारं कोणी नाही. मासे उष्म्याने मेले की गुदमरून, ते आजही मला सांगता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या. साठ लिटरऐवजी दोनशे असते तर पाणी इतक्या झपाट्याने तापलं नसतं. म्हणून नवख्याने मोठी टाकी घ्यावी असं मी म्हणते ते उलटं वाटतं, पण खरं आहे.

गारव्याचे उपाय तीन. पहिला आपल्या माठाचा आणि कूलरचा : पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कोकणात हे फारसं चालत नाही. खानदेशच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मात्र चांगलं चालतं, दोन-चार अंश सहज उतरतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. रोज चार लिटर उडालं आणि तुम्ही तीन दिवस भर घातली नाही, तर ३५ ची क्षारता ३७ च्या वर जाते. भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची घालायची, खाऱ्या नाही. हे नवखे हमखास चुकतात. दुसरं असं, की जूनमध्ये ढग येतात, हवा दमट होते आणि पाऊस काही पडत नाही, ते आठ-पंधरा दिवस कूलर जसा नुसता चिकचिक करतो तसाच हा पंखाही निकामी ठरतो. मला मेपेक्षा त्या दिवसांची जास्त भीती वाटते.

दुसरा उपाय चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. महाग आहे आणि वीज खातो, पण जिवंत कोरल ठेवायचे असतील तर आपल्याकडे त्याला पर्याय नाही. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो. म्हणजे बंद कपाटात ठेवलात तर स्वतःच्याच उष्णतेने दमतो. तिसरा उपाय, घरात एसीची एखादी खोली असेल तर टाकी तिथे. मग झोप आणि मासे एकाच बिलात.

आणीबाणीसाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा आणि बूच घट्ट लावून टाकीत तरंगत सोडा. दोनशे लिटर पाणी एका अंशाने उतरवायला साधारण दोन किलो बर्फ लागतो, म्हणजे दोन लिटरची एक बाटली. घाबरून एकदम पाच टाकू नका. झपाट्याने गार झालेलं पाणीही माशांना तापल्या पाण्याइतकंच सोसवत नाही.

विजेचं सांगते. घरी दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर चिलर चालवायला जाऊ नका. पाणी हलवणारा पंप दहा-वीस वॉटचा असतो. तो एकटा इन्व्हर्टरवर ठेवा, दिवस-रात्र तग धरेल. वीज गेल्यावर माशांना सगळ्यात आधी लागतो प्राणवायू, गारवा त्यानंतर. दिवा गेला तरी चालतो, मासे एक दिवस अंधारात राहून काही बिघडत नाही. बिलाचा अंदाज द्यायचा तर मेमध्ये चिलर, दिवा आणि पंप मिळून रोजचे पाच युनिट धरा, महिन्याला दीडशे. तुमचं बिल आज शंभर किंवा तीनशे युनिटच्या उंबरठ्यावर असेल तर तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाल. दुकानदार हे कधी सांगत नाही. आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट दहा अंशांच्या खालीही जाते, तेव्हा याच टाकीला हीटर लागतो. खानदेशात दोन्ही घ्यावे लागतात. पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते त्यामुळे.

आता तुमची ड्यूटी, आणि तिच्याबरोबरच चौथा प्रश्न.

तुमच्या बायकोचं पाण्याचं गणित मी करून पाहिलं. बोअरचं किंवा नळाचं पाणी थेट टाकीत चालत नाही. त्यातल्या क्षारांनी आणि नायट्रेटने शेवाळ माजतं. आरओचं पाणी लागतं, तेही पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय काडतूस लावून, मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य येईपर्यंत. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात, म्हणून ते पाणी तसंच्या तसं घेऊ नका. आठवड्याला वीस लिटर बदलायला, पंचवीस लिटर उन्हाळ्याची भर, म्हणजे पंचेचाळीस. एवढं शुद्ध पाणी काढताना दुप्पट-तिप्पट पाणी मशीनच्या मागच्या नळीतून निघून जातं. म्हणजे आठवड्याला दीडशे लिटरच्या घरात पाणी. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात हा आकडा चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. ते मागचं पाणी लादी पुसायला, संडास-मोरीला वापरता येतं, वाया जात नाही. पण ते बादल्यांत धरून ठेवणार कोण? तुम्ही इटारसीला असता तेव्हा टाकीत भर कोण घालणार? तापमान कोण पाहणार? पंपाचा आवाज बदलला हे कोणाच्या कानाला कळणार?

पत्रात याचं उत्तर नाही. म्हणून मला वाटतं, तुमच्या बायकोचा विरोध माशांना नाही. घरात आलेली कुठलीही नवी वस्तू शेवटी कोणाच्या अंगावर पडते ते तिला ठाऊक आहे, आणि या वेळी तिला कोणी विचारलंच नाही. “बायको बरोबर की मी” असा निवाडा मागण्यापेक्षा तिच्यासमोर कागद घेऊन बसा आणि रोजची कामं लिहा. प्रत्येक कामापुढे नाव लिहा. तुमच्या ड्यूटीच्या दिवशी ज्या कामापुढे तिचं नाव येईल, त्याला ती ‘हो’ म्हणाली तरच ते काम तिचं. ‘नाही’ म्हणाली तर ते काम यंत्राने करायला हवं, नाहीतर ती टाकी तुमच्यासाठी नाही. भर घालायचं काम यंत्राने होतं. तरंगत्या गोळ्याचा साधा व्हॉल्व, वरच्या टाकीला असतो तसाच पण बारीक, आणि बाजूला उंचावर शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा कॅन. पाण्याची पातळी उतरली की आपोआप भर पडते. फक्त कॅन मोठा घेऊ नका. व्हॉल्व अडकला तर कॅनमधलं सगळं पाणी टाकीत उतरेल, आणि वीस लिटरला तुमची टाकी मरणार नाही.

खाण्याचं तर सोपं आहे. मोठ्या, निरोगी माशांना दोन दिवस उपास घडला तर काही होत नाही. मरतात ते आजोबांनी प्रेमाने मूठभर टाकल्याने. खाणं कुजतं, अमोनिया होतो. औषधाच्या गोळ्यांची वारांची डबी मिळते ना, तिच्यात रोजचं चिमूटभर खाणं भरून ठेवा आणि मोठा डबा कपाटात कुलपात. वडिलांना वाईट वाटेल, वाटू द्या.

राहिला तिसरा प्रश्न : कोणते कोरल घ्यावेत. इथे मला जरा कठोर व्हावं लागेल.

पार्सलने येणारे ‘लाइव्ह रॉक आणि दोन कोरल’ घेऊ नका. दोन हजार गेले तर गेले. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ मध्ये खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ या सगळ्यांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत. समुद्रघोडेही तिथेच. लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळाचाच जिवाणूंनी भरलेला दगड, तेव्हा तोही याच भानगडीत येतो. या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. विक्रेता म्हणेल, “माल इम्पोर्टेड आहे.” मग आयातीचे कागद मागा. परदेशी संरक्षित जातींसाठीही आता कायद्याने नोंदणी लागते. कागद नसतील, किंवा “एवढं कोण बघतं” असं उत्तर आलं, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाने रेल्वेच्या पार्सलमधून हे मागवावं याचं मला, खरं सांगू, थोडं हसूही आलं. शंका असेल तर जळगावला वन विभागाच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारा. विचारल्याबद्दल कोणी पकडत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी नव्या टाकीत कोरल जगत नाही. तुमच्या मुलीने ठाण्याला जे पाहिलं ते कोणाच्या तरी चार-पाच वर्षांच्या मेहनतीनंतरचं असणार. तिला त्यातलं नेमकं काय आवडलं, हे तुम्ही तिला विचारलंत का? तिच्या वह्यांत मासे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. कोरलचा हट्ट तिचा आहे की तुमचा?

तिला मासे हवे असतील तर रस्ता बराच सोपा होतो. केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशची पैदास आता टाकीतच होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं आहे आणि आपल्या राज्यात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही ही पैदास झाली आहे. असे टाकीत जन्मलेले मासे मागा आणि बिल घ्या. ते समुद्रातून पकडून आणलेल्या माशांपेक्षा चिवट असतात, दाणे खायला शिकलेले असतात, आणि त्यांना राहायला समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) लागतंच असं नाही. मुलीला सांगायला एक गंमतही : क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. जोडीत जो मोठा आणि दांडगा असेल तो मादी होतो, आणि ती मेली तर उरलेला नर मादी बनतो. तिच्या वर्गात हे सांगितल्यावर बाईंची पंचाईत होईल.

निळा टँग मासा मात्र घेऊ नका, कितीही गोंडस दिसला तरी. तो फूटभर वाढतो. मँडरिन मासा जिवंत बारीक किड्यांवरच जगतो, नव्या टाकीत उपाशी मरतो. आणि कुठून झोअँथस नावाचा फुलांसारखा मऊ कोरल आलाच तर त्याच्यात कधीकधी जहाल विष असतं. तो चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही. वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना आहेत. लहान मूल असलेल्या घरात हे आधी सांगायला हवं.

करायचं कसं, तर मी असं करीन. आता मार्च चालू आहे, म्हणजे टाकी आत्ता घ्यायची नाही. जिथे टाकी ठेवायची मनात आहे तिथे एक वीस लिटरची बादली भरून ठेवा, साध्या पाण्याची. एप्रिलचे शेवटचे पंधरा दिवस आणि सगळा मे, सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहाला तिच्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहायचा. हे काम मुलीचं. मागची पानं माशांनी भरली आहेतच, पुढची आकड्यांनी भरू द्या. बादलीचं पाणी टाकीपेक्षा लवकर तापेल आणि लवकर निवेल, तरी दुपारचे आणि रात्रीचे आकडे तुम्हाला सांगतील की चिलर लागणार की पंख्यावर भागणार, आणि घरात दुसरी गार भिंत आहे का. जागा बदलून पाहा. पश्चिमेची भिंत मी नक्की टाळीन. आणि घर जुनं धाब्याचं असेल तर टाकी तळमजल्यावरच ठेवा. पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून तीनशे किलोच्या आसपास भरतं.

दसऱ्यानंतर टाकी भरा. दगड म्हणून सिरॅमिकचे किंवा टाकीसाठीच बनवलेले कोरडे दगड घ्या. मग चार ते सहा आठवडे एकही मासा नाही. या काळात दगडांवर जिवाणू वसतात. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात, मग नायट्रेट. विरजण लागण्यासारखंच आहे, फक्त रात्रीचं काम इथे महिन्यावर जातं. चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकून त्या जिवाणूंना पोसायचं आणि टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट थोडं, असं दिसलं की टाकी तयार. “डॅमसेल टाका, त्याच्यावर सायकल करा” असा सल्ला मिळेल. डॅमसेल हा एक चिवट मासा, आणि सायकल म्हणजे हेच जिवाणू वसवणं. म्हणजे एक जीव अमोनियात बुडवून आपली घाई भागवायची. शिवाय तो वाचलाच तर पुढे सगळ्यांना चावतो. मधल्या काळात दगडांवर तपकिरी मखमल चढेल, मग हिरवं शेवाळ. टाकी बिघडली असं समजून सगळं धुऊन काढू नका, ते आपोआप ओसरतं.

नाताळच्या सुमाराला क्लाउनफिशची जोडी. बस. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरनेच, म्हणजे पाण्याच्या थेंबातून उजेड पाहून मोजणाऱ्या उपकरणानेच मोजा, प्लॅस्टिकच्या झुलत्या काट्यावर विसंबू नका. पुढचा मे आणि त्यानंतरचा दमट जून त्या दोघांनी काढला, तर संरक्षित यादीत नसलेल्या, बिलासकट मिळणाऱ्या एखाद्या मऊ कोरलचा विचार करा. साठ हजारांतले वीस तरी पहिल्या वर्षाच्या विजेला, मिठाला आणि अचानक बंद पडणाऱ्या पंपाला राखून ठेवा.

आणि हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं की आपल्या घराला हे झेपणार नाही, तर गोड्या पाण्याची, वनस्पतींची टाकी आपल्या हवेत कितीतरी सुखाने चालते. त्यात कमीपणा नाही. खरे कोरल मुलीला दाखवायचेच असतील तर सुट्टी आणि पास तुमच्याकडे आहे. भुसावळ-नंदुरबार-सुरत मार्गाने ओख्याकडे गाड्या जातात. जामनगरला उतरायचं. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात नरारा नावाची जागा आहे. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि वाटाड्याबरोबर गुडघाभर पाण्यातून चालत जिवंत प्रवाळ बघता येतात. फुगणारा पफर मासा, ऑक्टोपस, समुद्रफुलं. ओहोटीची वेळ आधी विचारून निघा. थंडीत जा. आणि बायकोलाही न्या. तिला तिथे बादलीतलं पाणी कोणी मागणार नाही.

बादली मात्र या रविवारीच भरून ठेवा. वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा आणि दर आठवड्याला पाणी बदला. नाहीतर डेंग्यूच्या तपासणीला घरोघर फिरणारी माणसं येतील, बादलीत अळ्या सापडतील, आणि टाकी येण्याआधीच तुमच्या घरी मत्स्यपालन सुरू झालं असं गल्लीत होईल.